हुंकाराला माणूस हवं

अमेरिकेहून पाहुणी येणार म्हटल्यावर सुरतेतल्या आमच्या उधन्याच्या सोसायटीत आठवडाभर आधीपासून चर्चा होती. प्रत्यक्षात रिक्षातून उतरली ती सावळ्या रंगाची, काळ्याभोर वेणीची, चाळिशीतली बाई. शेजारणींचे चेहरे पडले. एक तर मला बाजूला घेऊन म्हणाली, ही नवापूरकडची आदिवासी दिसते, तुमच्या नणंदेनं फसवलं तुम्हाला.

नव्वदच्या दशकातला तो हिवाळा. सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि त्यासाठी नणंद आली होती. नणंद नायगाऱ्याच्या धबधब्याजवळच्या एका गावात नर्स होती. तिच्या हॉस्पिटलातली ही मैत्रीण रजा घेऊन तिच्याबरोबर आली. नणंद ऑपरेशनच्या धावपळीत असायची आणि मी मराठी शाळेत शिकवत असले तरी बाकी घरात त्यातल्या त्यात बरं इंग्रजी माझंच, त्यामुळे दुभाषाचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. पुढे त्या कामाचा मला चांगलाच लोभ सुटला.

पाहुणी टस्करोरा नावाच्या जमातीची होती. आम्हाला अमेरिकेतले मूळ रहिवासी म्हणजे सिनेमातले, डोक्यात पिसं खोचून घोड्यावरून ओरडत जाणारे. मी चाचरत ते विचारलं, तर ती पोट धरून हसली. आमच्या घरात घोडा कधीच नव्हता, जुनी मोटार होती आणि तीही सुरू व्हायची नाही, असं तिनं सांगितलं. तिच्या लोकांचं स्वतःचं नाव वेगळं होतं, स्कारूरे. तागासारख्या एका रानझाडाचा धागा गोळा करणारे, असा काहीसा त्याचा अर्थ. धाग्याची माणसं! गल्लीत लूमची खडखड अखंड चालू असताना हे ऐकून मला ती एकदम नात्यातलीच वाटायला लागली.

ऑपरेशन झालं आणि सासूबाईंना डॉक्टरांनी काळा चष्मा दिला. वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. ज्या बाईनं जन्मात कधी रिकामे हात ठेवले नाहीत, तिला गॅलरीत खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. मग त्यांनी जिभेला काम लावलं. पाहुणी शेजारी येऊन बसली की प्रश्न सुरू. तुमचं कुळ कोणतं? पाहुणी म्हणाली, अस्वलाचं. आणि ते आईकडून येतं, बापाकडून नाही. एका कुळात लग्न करत नाहीत. सासूबाईंनी हे दोनदा विचारून पक्कं करून घेतलं. मग नणंदेकडे तोंड करून म्हणाल्या की हा कायदा चांगला आहे, म्हणजे तुझी पोरं माझीच. खाण्याचं निघालं तेव्हा पाहुणीनं सांगितलं की त्यांच्याकडे पांढरा मका चुलीची राख घातलेल्या पाण्यात उकळतात, मग खास विणलेल्या टोपलीत धुऊन साल काढतात आणि त्याचं सूप करतात. आपण राखेनं भांडी घासतो, त्या दाणे घासतात, एवढाच फरक, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं.

पाहुणी रोज सकाळी त्याच गॅलरीत उभी राहून हळू आवाजात काहीतरी म्हणायची. थांबायची, पुन्हा सुरुवातीपासून धरायची, पुन्हा थांबायची. मी समजत होते की प्रार्थना असेल. एकदा तिचे डोळे भरलेले दिसले म्हणून विचारलं, तेव्हा कळलं.

त्यांच्यात चार माणसं जमली की कामाआधी आभाराचं बोलणं असतं. माणसांपासून सुरुवात करायची, मग धरती, पाणी, मासे, झाडं, मका, पाखरं, वारा, सूर्य, चंद्र, तारे, एकेकाचे आभार मानत वर वर जायचं. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी बोलणारा म्हणतो की आता आपली मनं एक झाली, आणि बसलेल्यांनी होकार द्यायचा. तो आला की पुढे. वस्तीवरच्या शाळेत दर वसंतात हे बोलणं तिची आई म्हणायची. आईच्या लहानपणी शाळेत त्यांची भाषा बोललं तर शिक्षा व्हायची. म्हणून आईनं आपल्या मुलांना ती दिलीच नाही, मार चुकावा म्हणून. म्हातारपणी मात्र त्याच वस्तीवर शाळेतल्या मुलांना ती शिकवायला लागली. भाषा अस्खलित बोलणारी म्हातारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. आई उन्हाळ्यात गेली आणि येत्या वसंतात लेकीनं म्हणावं असं सगळ्यांनी ठरवलं. लेकीला शब्द सगळे पाठ होते. पण दुसऱ्या टप्प्यानंतर तिचा धागा तुटायचा. बाकी कशाचीही तिला भीती नव्हती, आईच्या जागेवर उभं राहून मुलांसमोर अडखळायची होती.

आमच्या शाळेत कुणी कुणाला भाषेवरून मारलेलं नाही, माझ्या मनात आलं. तरी माझी मुलगी घरात सर्रास गुजराती बोलायची आणि सासूबाईंची अहिराणी ऐकून खिदळायची.

मी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी काळा चष्मा नाकावर सरळ केला आणि म्हणाल्या, "एकलं बोलनारं थकस. हुंकार देनारं कोनी पाहिजे. तिले सांग, मी शे आठे."

त्या इथे आहेत, असं मी पाहुणीला सांगितलं. सासूबाईंच्या खान्देशात गोष्ट सांगायची तर हुंकार देणारं माणूस लागतं. सांगणारा दम घेतो तिथे ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. सासूबाईंच्या गोष्टी सुरतेत येऊन तशाच थांबल्या होत्या. लेक परदेशी, सून नाशिककडची आणि नात गुजराती.

दुसऱ्या दिवसापासून पाहुणी बोलायची आणि सासूबाई हुंकार द्यायच्या. एका अक्षराचा अर्थ कळत नव्हता, पण कुठे द्यायचा ते त्यांना बरोबर समजायचं. श्वासावरून कळतं, म्हणायच्या. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. ती भाषा घशात अडते, मध्येच तुटल्यासारखी थांबते आणि पुन्हा वाहते. ओठ फारसे मिटतच नाहीत. माणसं, धरती आणि मग पाणी. पाहुणी पहिल्यांदाच न अडखळता तिथवर आली, थांबली.

हुंकार आला नाही.

मी बाहेर गेले. सासूबाईंनी टप्पे मोजले होते; हे तिसरे आभार पाण्याचेच ना, असं त्यांनी विचारलं. पाण्याचे, मी म्हणाले. त्यांचं माहेर तापीवरच्या उकाईच्या धरणात गेलेलं होतं. विहीर, देवीचं ठाणं, भावांची शेतं, सगळं. मी पाहुणीला ते सांगितलं. तिनं खुर्ची जवळ ओढली. तिच्या वस्तीची जमीनही अशीच विजेच्या प्रकल्पाच्या तलावात गेली होती. मोजणीच्या गाड्या आल्या तेव्हा बायका रस्त्यावर आडव्या झाल्या होत्या, त्यात तिची आईही होती. त्याच्या कितीतरी आधी हे लोक दक्षिणेत राहायचे. तिथे गोऱ्यांनी जमिनी घेतल्या, पोरं धरून गुलाम म्हणून विकली. लढाया हरल्यावर उरलेले वर्षानुवर्षं उत्तरेकडे चालत राहिले. उत्तरेतल्या पाच भाऊबंद जमातींनी त्यांना सहावं भावंड म्हणून घरात घेतलं. हे सगळं ती साध्या आवाजात सांगत होती आणि मला तिचा इतका अभिमान वाटत होता की माझ्या शाळेतला इतिहास मला त्या दिवशी फार थोडका वाटला.

सासूबाईंनी एकच विचारलं, "मंग तुन्ही मायनी पानीना आभार कसा मानात?"

पाहुणी म्हणाली, "मी पण आईला हेच विचारलं होतं. ती म्हणाली, भिंत माणसांनी बांधली. पाणी बिचारं वाहतच होतं."

मी ते मराठीत सांगितलं. सासूबाईंनी रस्त्याकडे तोंड वळवलं. मग त्यांनी हुंकार दिला. लांब, खोल. पाहुणीनं मासे, झाडं, मका असं करत थेट ताऱ्यांपर्यंत मजल मारली. खाली दूधवाला आपला ओरडतच होता.

उतरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, पतंग बघून नणंद आणि पाहुणी परत गेल्या. जाताना सासूबाईंनी पाहुणीची ओटी भरली. तिनं त्यांना मखमलीवर मण्यांचा उठावदार पक्षी दिला. त्यांच्या बायका असे पक्षी करून पूर्वी धबधब्यापाशी विकायच्या. सुरतेत राहून जरी-टिकलीचं काम मी पुष्कळ पाहिलंय, पण मणी असे कमानीसारखे उभे राहिलेले पाहिले नव्हते.

वसंतात एका सकाळी नणंदेचा फोन आला. सासूबाईंनी रिसीव्हर असा धरला होता की मलाही ऐकू येत होतं. कार्यक्रमाला नणंद गेली होती, मागच्या रांगेत बसली होती. मैत्रीण छान बोलत होती. पाण्यापाशी आली, थांबली. मुलांना वाटलं, ती विसरली. मोठ्यांना वाटलं, तिला आई आठवली, आपण मध्ये कसं बोलायचं. कुणीच होकार देईना. आणि नणंदेच्या तोंडून एकदम गेलं, "हूं!"

सगळे वळून बघायला लागले. परक्याच्या कार्यात आपण घोळ घातला म्हणून ती लाजेनं अर्धी झाली. पण पुढे उभी असलेली मैत्रीण हसली. मग म्हाताऱ्यांनी त्यांच्या पद्धतीनं होकार दिला, मग मुलांनी, आणि ती शेवटपर्यंत, ताऱ्यांपर्यंत बोलली. कुठेही अडखळली नाही. हे सांगता सांगता नणंद रडायला लागली. तिच्या तोंडात अहिराणी कधी आली ते तिलाही कळलं नसावं, मला मात्र कळलं.

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हुंकार जोरमा दिधा ना?"

"हा माय," तिकडून आवाज आला, "जोरमा दिधा."