मे महिन्यातला बुध

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझे पती गेले. ते पूर्णा जंक्शनला सिग्नल खात्यात होते. रात्रपाळी करून सकाळी घरी आले, चहा घेतला आणि थंडी वाजते म्हणून खुर्ची अंगणात उन्हात ओढून बसले. मी आत अंघोळीचं पाणी तापवत होते. पाणी तापल्यावर हाक मारली. पुन्हा एकदा मारली. मग बाहेर आले. ऊन त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं आणि मान छातीवर पडली होती. झोप लागली असेल असं मला वाटलं, आणि मी टॉवेल आणायला पुन्हा आत गेले.

त्यानंतरचं सगळं मी नीट केलं असं लोक सांगतात. विहारातल्या मंडळींशी बोलले, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या प्रत्येकाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही, रेल्वेच्या साहेबांना चहा दिला. मुलगी पुण्याहून आली होती. ती रडायची आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. माझा हात कुणाच्या तरी पाठीवरून फिरतोय हे मला दिसत होतं, एवढंच. महिनाभर राहून ती नोकरीवर परत गेली. जाताना म्हणाली, आई, तू रडत का नाहीस. मी तिच्या हातात डबा दिला.

मी भूगोल शिकवते. सुट्टी संपवून शाळेत गेले तेव्हा सातवीला ऋतूंचा धडा लावलेला होता. पृथ्वीची कक्षा अगदी गोल नाही, थोडी लांबट आहे, त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्याच्या सर्वांत जवळ असतो आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब. हे सांगितलं की दर वर्षी कुणीतरी विचारतंच, मग जानेवारीत थंडी का? आणि दर वर्षी मी ग्लोब टेबलावर ठेवून सांगते की अंतराने फार फरक पडत नाही. पृथ्वी एका बाजूला कललेली आहे. ज्या महिन्यांत आपली बाजू सूर्याकडे कलते त्या महिन्यांत किरण डोक्यावरून येतात आणि दिवस लांबतो, तो उन्हाळा. सूर्य जवळ असूनसुद्धा आपण पाठमोरे असलो तर थंडीच. त्या वर्षीही मी हेच सांगितलं. सांगताना मला ती खुर्ची आठवली, पण एखादी वस्तू कपाटात दिसावी तशी. फळा पुसून मी पुढचा तास घेतला.

माझी एक जुनी मैत्रीण पालमला विज्ञान शिकवते. डी.एड.ला आम्ही एका खोलीत राहत होतो. तिला आकाशाचं वेड. स्वतःच्या पगारातून तिने एक छोटी दुर्बीण घेतली होती आणि सुट्टीत ती गावोगाव घेऊन फिरायची. एप्रिलमध्ये तिचा फोन आला. मे महिन्यात बुध सूर्यावरून जाणार होता, त्याला अधिक्रमण म्हणतात, आपल्याकडे संध्याकाळी सूर्य मावळेपर्यंत दिसणार होतं. राणीसावरगावला तिची मावशी राहते, तिथल्या शाळेच्या मैदानावर कार्यक्रम ठरवला होता. ती दुर्बीण सांभाळणार, लोकांना समजावून सांगायला मी हवी होते. मला जमणार नाही असं मी म्हणाले. ती म्हणाली, जमवू नको, नुसती ये.

शेजारच्या काकूंना कुठे जायचंय ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, बुद्धाचं काई हाय का? बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती, त्यांचं चुकलं नव्हतं. मी म्हटलं, बुद्ध नाही, बुध, ग्रह आहे एक. त्या म्हणाल्या, मग एवढ्या उन्हाचं कशाला जायचं?

त्या उन्हाळ्यात ऊन होतंच तसं. सगळीकडे टँकर फिरत होते आणि नदीच्या पात्रातून लोक मोटारसायकली घालून पलीकडे जात होते. मी सकाळच्या एस.टी.ने पालमला गेले. मैत्रीण स्टँडवर उभी होती, दुर्बीण वाकळेत गुंडाळून लहान मुलासारखी कडेवर घेतलेली. पुढच्या बसमध्ये तिने दुर्बिणीला खिडकीची जागा दिली आणि आम्ही दोघी उरलेल्या जागेत बसलो. वाटेत तिने एकदाही माझ्या पतींचा विषय काढला नाही. आधी काढायची. मी नुसतं हं हं करते म्हटल्यावर तिने सोडून दिलं होतं.

मावशींचं घर आणि किराणा दुकान एकच होतं, पुढे दुकान आणि मागे घर. मावशी कपाळावर विभूती लावून गल्ल्यावर बसल्या होत्या. आम्हाला त्यांनी आत नेलं आणि पाणी दिलं. एरवी अशा घरात पाणी कोणत्या तांब्यातून येतं, आमच्यासाठी वेगळा ठेवलाय का, ते मी पाहिलं असतं. ती सवय आम्हाला लहानपणापासून लागलेली असते. त्या दिवशी मी पाहिलं नाही. पाणी थंड होतं, मी प्यायले.

मधल्या खोलीचं दार लावलेलं होतं. मैत्रिणीने मावशींच्या सुनेचं विचारलं, वहिनी कुठे आहे? मावशी म्हणाल्या, आत हाय, तिला सातवा चालूय, आज गिराण हाय म्हणून बसवलंय, सूर्य मावळेपर्यंत भाईर काढायची न्हाई. चिरायचं कापायचं काही करू दिलं नव्हतं, खिडकीला गोणपाट लावलं होतं. पत्र्याचं घर, मे महिना, वीज गेलेली.

मैत्रीण समजावायला लागली. तिचा आवाज चढला, मावशींचाही चढला. तू लय शिकलीस, पण लेकरू माझ्या घरचं हाय, असं मावशी म्हणाल्या. मी बाजूला पोत्यावर बसले होते. मला ना राग आला ना कुणाची दया आली. पण वर्गात चुकीचं उत्तर आलं की तोंडातून आपोआप बरोबर उत्तर निघतं, तसं मी म्हणाले, मावशी, हे ग्रहण नाही.

मावशी माझ्याकडे वळल्या. मी सांगितलं की ग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो, अंधारून येतं, सावली पडते. हा बुध फार लहान आणि फार लांब. त्याची सावली आपल्यापर्यंत पोचतच नाही. ऊन एवढंही कमी होणार नाही.

त्या म्हणाल्या, "सावली पडायचीच न्हाई?"

"नाही."

"मग त्यो दिसणार कसा?"

"सूर्यावर ठिपका दिसेल. राजगिऱ्याच्या दाण्याएवढा."

मावशींनी एकदा लावलेल्या दाराकडे पाहिलं. शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा माणूस त्यांना आवडत नसावा, पण माझ्या आवाजात शहाणपण सांगण्याचा जोर नव्हता. मला कुणाला पटवायचंच नव्हतं. बहुतेक म्हणूनच त्यांना ते पटलं. आधी मी बघते, त्या म्हणाल्या, मग ठरवू.

शाळेला सुट्टी होती, पण मुख्याध्यापकांनी मैदान आणि एक खोली उघडून दिली होती. मैत्रिणीने दुर्बीण तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवली, तोंड सूर्याकडे केलं आणि मागच्या बाजूला पांढरा कागद धरला. कुणीही दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही, डोळा जाईल, हे तिने दहादा बजावलं. कागदावर सूर्य उतरला, छोट्या ताटलीएवढा. हळूहळू लोक जमले. दुकानं बंद करून आलेले, शेतातून परतणारे, टँकरची वाट बघून कंटाळलेल्या बाया. सूर्यावर आधीच दोन-तीन डाग होते. कुणीतरी म्हणालं, आला आला, तर मैत्रीण म्हणाली, हे सूर्याचेच डाग, कडेला धूसर आहेत बघा, बुध एकदम काळा आणि गोल असेल. मग सूर्याच्या कडेला खरंच एक बारीक खाच पडली आणि थोड्या वेळाने ठिपका आत सरकला.

मावशी वाकून कागदाकडे बघत होत्या. मग त्यांनी स्वतःच्या सावलीकडे बघितलं, मातीवर काळीभोर पडली होती. आकाशाकडे न बघता त्यांनी हाताने ऊन चाचपलं. आणि त्या घराकडे गेल्या. परत आल्या तेव्हा सून बरोबर होती. केस घामाने कपाळाला चिकटलेले, चेहरा लालबुंद. वऱ्हांड्याच्या सावलीत तिला खुर्ची दिली. तिने एक तांब्या पाणी एका दमात संपवलं.

समजावून सांगायचं काम माझं होतं. मी शाळेच्या खोलीतून रिंग खेळायची रबरी रिंग आणली आणि मैत्रिणीच्या हातातली एक बांगडी मागून घेतली. बांगडी रिंगच्या आत धरली. सांगितलं, ही रिंग म्हणजे आपला रस्ता, ही बांगडी बुधाचा, आणि सूर्य मधोमध. बुध आपल्यापेक्षा भराभर फिरतो, वर्षातून तीनेकदा आपल्याला गाठून पुढे जातो. मग दर वेळी तो सूर्यावरून गेलेला का दिसत नाही? कारण बांगडी रिंगमध्ये सरळ बसलेली नाही, जरा तिरपी आहे. बहुतेक वेळा तो सूर्याच्या वरून नाही तर खालून निघून जातो. दोनच जागी बांगडी रिंगच्या पातळीतून जाते. त्या दोन जागांच्या समोर आपण मे महिन्यात आणि नोव्हेंबरात येतो. तेव्हाच बुधही तिथे पोचला, तर सूर्य, तो आणि आपण एका रेषेत. म्हणून मे किंवा नोव्हेंबर, आणि तेही काही वर्षांतून एकदा.

एका शेतकऱ्याने विचारलं, यंदा सूर्य खाली उतरलाय का, इतकी आग का पडायली? मी सांगितलं की उलट सध्या आपण सूर्यापासून लांब लांब चाललोय. तो मानेना. मग कशानं तापायलंय, म्हणाला. मी रिंग खाली ठेवली आणि हाताची मूठ कलती धरून दाखवली. कल आपला आहे. थंडीत आपण सूर्याजवळ असतो, जानेवारीत तर सर्वांत जवळ.

हे वाक्य बोलून मी थांबले. पुढचं वाक्य मला येत होतं, पण ते तोंडापर्यंत आलं नाही. मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं आणि पुढचं तिने सांगितलं. मी वऱ्हांड्यात जाऊन सुनेच्या शेजारी पायरीवर बसले.

तिने मला विचारलं, मॅडम, पूर्णेला घरी कोण कोण असतं? मी सांगितलं, मी एकटी. मुलगी पुण्याला.

"आणि मिस्टर?"

"वारले. जानेवारीत."

तोपर्यंत हा शब्द मी उच्चारलाच नव्हता. सगळ्यांना आधीच माहीत होतं, सांगायची वेळ आली नव्हती. शब्द साधा होता, निघाला आणि संपला. सुनेने आपला हात पोटावर नेला आणि मग तो तिथून काढून माझ्या खांद्यावर ठेवला. मागे मावशी उभ्या होत्या. गरोदर बाईला विधवेजवळ बसू देणाऱ्या त्या नव्हेत असं मला वाटलं, म्हणून मी उठायला लागले. त्यांनी मला खाली बसवलं.

"बसा बाई. मी बी तसलीच हाय," त्या म्हणाल्या. "दुकानात बसायले ते मालक गेल्यावरच बसायले. पह्यल्या साली मला मीठ हाय का साखर हाय, काई कळत नव्हतं. गिऱ्हाइकाला उलटंच द्यायची."

मी विचारलं, मग कधी कळायला लागलं? त्या म्हणाल्या, काई ध्यानात न्हाई. मला ते उत्तर बरं वाटलं. बाकीचे सगळे सावरायची मुदत सांगत होते.

सूर्य खाली गेला, लाल झाला. क्षितिजाजवळच्या धुळीत कागदावरचं चित्र हलायला लागलं. ठिपका अजून सूर्यावरच होता, पलीकडच्या कडेला पोचायला त्याला बराच वेळ होता. ते उरलेलं दुसऱ्या देशांतल्या लोकांनी बघितलं असेल. आमच्याकडे सूर्य बुधासकट मावळला. लोक घरी गेले. मावशींच्या घरी धपाटे आणि दही होतं. मी किती खाल्ले ते मला कळलं नाही, पण मैत्रीण नंतर सांगायची की त्या दिवशी मी जेवले. घरामागे मोकळ्यात आम्हाला अंथरुणं घातली आणि मी सरळ झोपून गेले.

मनात काही बदललं असं नाही. पूर्णेला परत आले, सुट्टी चालूच होती. आठवड्याभराने आमच्याकडे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. दर वर्षी मी ते मुलांना सांगते पण स्वतः कधी बघितलं नव्हतं. त्या वर्षी भर उन्हात चप्पल न घालता अंगणातल्या मोरीजवळ उभी राहिले. बादलीची सावली बादलीखाली गेली, माझी माझ्याखाली. पाय भाजले तेव्हा आत आले. वाईट वाटलं नाही, चांगलंही वाटलं नाही.

मावशींच्या सुनेला मुलगी झाली, धडधाकट. मैत्रिणीने फोन करून सांगितलं. मी बरं म्हणाले आणि तिला काय पाठवायचं ते विचारलं. पावसाळ्यात मैत्रिणीने मला पुन्हा बोलावलं, ढग नसलेल्या रविवारी पालमच्या शाळेत शनी दाखवायचा होता. मी जायला लागले. जायला हरकत नव्हती म्हणून.

त्यांतल्याच एका रविवारी बसमध्ये मी खिडकीपाशी पिशवी ठेवून तिकिटाचे सुटे शोधत उभी होते, तर एका माणसाने माझी पिशवी उचलून खाली ठेवली आणि तो त्या जागेवर बसला. उठा, असं मी म्हणाले. तो म्हणाला, बाई, जागेवर नाव लिहिलंय का तुमचं? आणि मला राग आला. केवढा राग आला. मी त्याला एवढ्या मोठ्याने बोलले की कंडक्टर मागून पुढे आला, आख्खी बस वळून बघायला लागली. तो माणूस उठला. मी बसले. कान तापले होते, मुठीतले सुटे तळहाताला रुतत होते, आणि ते माझेच कान आणि माझेच हात होते. ताडकळस येईपर्यंत मी रडत होते. शेजारच्या बाईला वाटलं जागेवरून रडायलेय, ती म्हणाली, जाऊ द्या ताई, मिळाली न्हवं जागा.

पालमला उतरल्यावर मी मैत्रिणीला ते भांडण सांगितलं. ती हसली. मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी ताडकळसपर्यंत रडल्याचंही.