मुठीत लपवलेले अंगठे

सात वर्षं पनवेलमध्ये मला बघून लोक अंगठा मुठीत लपवायचे. रिक्षावाला, भाजीवाली, पोस्टातला कारकून, कुणीही. आधी निरखून बघायचे, ओळख पटली की हसू दाबायचे आणि अंगठा आत घेऊन मूठ मिटायचे. कामोठ्यातल्या आमच्या सेक्टरमध्ये तर क्लासला निघालेल्या मुलीसुद्धा जिन्यात हे करायच्या.

कारण एकच. एका रोजच्या मालिकेत मी थोरल्या काकाचं काम करत होतो. धाकटा भाऊ तापाने फणफणून पडलेला असताना या काकाने त्याचा अंगठा निळ्या शाईच्या पॅडवर दाबला, कोऱ्या कागदावर उठवला आणि त्याची सगळी जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली. तो प्रसंग चित्रित करायला अर्धा दिवसही लागला नव्हता. पण आमच्या भागात हा विषय साधा नव्हता. शहरासाठी शेतं गेली, खाजणं भरावाखाली गेली, बदल्यात प्लॉट मिळाले आणि त्या प्लॉटांवरून सख्खे भाऊ एकमेकांची तोंडं बघेनासे झाले. असा एक काका ज्याच्या त्याच्या नात्यात होता. त्याला तोंडावर काही बोलता येत नव्हतं, मला येत होतं.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला गुदगुल्या व्हायच्या. मी गावठाणातल्या आगरी घरातला. उत्सवातल्या नाटकांत भाला धरून उभं राहण्यात माझी दहा वर्षं गेली होती, आणि आता सगळं पनवेल मला ओळखत होतं. पुढे कंटाळा आला, मग राग यायला लागला. एकदा दाखला आणायला तलाठी ऑफिसात गेलो, तर तिथल्या बाईंनी टेबलावरचं शाईचं पॅड उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं. सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो आणि घरी येऊन विनाकारण बायकोवर खेकसलो.

मालिका संपली तरी काका काही संपला नाही. एका दिग्दर्शकाने मला सज्जन मास्तरांची भूमिका दिली आणि तिसऱ्या दिवशी काढून घेतली. हा मास्तर कधी फसवतो याचीच लोक वाट बघत बसतील, असं त्याचं म्हणणं. मी त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या, पण त्याचं चुकलं होतं असं काही मला म्हणता येईना.

त्याच सुमारास वडील गेले. आई आधीच गेलेली. वडिलांच्या नावावर कामोठ्यात एक प्लॉट होता आणि वारस आम्ही दोघंच, मी आणि जासईला दिलेली माझी धाकटी बहीण. आमच्याकडे अशा वेळी बहिणी हक्कसोडीच्या कागदावर सही करतात, भाऊ त्यांना साडी नेसवतो, जेवणं होतात आणि विषय मिटतो. बहिणीला विचारायची पद्धत नाही, कोणत्या दिवशी यायचं ते फक्त कळवायचं. मीही तसं फोनवर कळवलं. ती म्हणाली, "मी नाय करत सही." पुन्हा फोन लावला तर तिने उचलला नाही.

याचा अर्थ लावायला मला एक मिनिटही लागलं नाही. तिची सासू आमच्या मालिकेची पक्की भक्त, तिनेच हिचे कान भरले असणार. काकाने माझ्या स्वतःच्या घरात हात घातला होता. वर्षभर मी नाक्यावर चहा पिताना हीच गोष्ट ज्याला त्याला सांगितली. काम इतकं खरं वठलं की सख्ख्या बहिणीचा विश्वास उडाला, असं म्हणायचो. ऐकणारे हळहळायचे. मला दुःख होत होतं हे खरं, पण त्या दुःखात थोडी शेखीही होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

प्लॉटचं मला एवढं काही नव्हतं. पण आईवडील गेल्यावर मला चड्डीत बघितलेलं तेवढं एकच माणूस उरलं होतं, आणि त्याचा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. दिवाळीत बायकोने फराळाचे डबे भरले. जासईचा डबा भरायचा का, हे तिने विचारलंही नाही. ते मला लागलं. भाऊबीजेच्या दिवशी दुपारी मी मोटरसायकल काढली. पिशवीत हक्कसोडीसाठी घेतलेली साडी होती आणि तो कागदही होता. कागद का घेतला म्हणाल तर सवय, दुसरं काय.

कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगेतून वाट काढत पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. बहिणीची सासू ओटीवर लसूण सोलत बसली होती. मला बघताच तिने दोन्ही अंगठे मुठीत घेतले. बाकीचे लोक चेष्टेने करत, ही मनापासून करत होती.

"काका आयलाय गं," तिने आत हाक दिली.

बहीण दारात आली. हाताला बेसन लागलेलं. वाटेत जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं मी विसरलो.

"तू पन त्या सिरेलीवर भरोसा ठेवलास काय, बाय?" मी म्हणालो. "मी तुझा अंगठा घेनार हाय का?"

"कंची सिरेल?" ती म्हणाली. "मी एक दिवस बघली नाय ती."

"मग सही का नाय करत?"

"तू टीव्हीत दिसलास का मी उठून परसात जायची. तिथं रोज दिसायचास, आनि इथं सात वरसं भाऊबीजेला आयला नायस."

"शूटिंग असायचं गं."

"भाऊबीजेला कसलं शूटिंग? पनवेलला दुकानाची फीत कापलीस, पेपरात फोटो होता तुझा. पुढच्या वरसी कंच्या मंडलाचा सत्कार. सात वरसं मी चंद्राला ओवाललंय, भाऊ असून. आनि तुझा फोन आयला कवा, तर सही पायजे तवा."

ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. माझी बहीण सात वर्षं अंगणात निरांजन घेऊन उभी राहिली होती आणि मी फिती कापत होतो. शूटिंगचं तर मी सरळ खोटं बोललो होतो. दिवाळीआधी आम्ही रात्रंदिवस खपून जास्तीचे भाग करून ठेवायचो, त्याला आमच्यात बँक म्हणतात. त्यामुळे भाऊबीजेला सेट दरवर्षी बंदच असायचा.

मला लाज वाटली. पण खरं सांगतो, लाजेच्या आधी हायसं वाटलं. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. इतक्या वर्षांत माझ्यावर जो तो रागावला होता तो काकामुळे. माझ्यावर, माझ्या स्वतःच्या वागण्यावर रागावलेलं हे पहिलं माणूस होतं. काकाने केलेलं मला कधी निस्तरता आलं नसतं. हे निस्तरता येण्यासारखं होतं.

"चुकलं माझं, बाय," मी म्हणालो.

बोटांना बेसन होतं म्हणून तिने मनगटाने डोळे पुसले. मी पिशवीतून कागद काढला, त्याची घडी मोडून तिला दाखवला आणि म्हणालो, "याच्यावर सही नको. प्लॉटवर दोघांचीबी नावं चढवू."

"ते मागाहून बघू," ती म्हणाली. "आधी पाटावर बस. वात केव्हाची लावून ठेवलीय."

म्हणजे बाई यंदाही चंद्राची तयारी करून बसली होती. तिने मला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि ओवाळतानाच माझं पोट सुटलंय असं दोनदा सुनावलं. मी तबकात साडी ठेवली. हक्कसोडीची साडी भाऊबीजेच्या कामी आली, याचं मला फार बरं वाटलं.

पाटावरून उठतो तोच सासू आत आली. मुठी अजून मिटलेल्या. माझ्यासमोर उभी राहून तिने विचारलं, "दिलीस का रं परत जमीन?"

सात वर्षं मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आलो होतो. मावशी, ती मालिका आहे, मी तसा नाही. त्या दिवशी मला ते सांगावंसं वाटलं नाही.

"दिली, मावशी," मी म्हणालो.

तिचा विश्वास बसेना. तिने सुनेकडे बघितलं. सुनेने मान डोलावली. तेव्हा कुठे म्हातारीने मुठी उघडल्या आणि लसणाचा वास येणाऱ्या हाताने माझ्या हातावर करंजी ठेवली.