बोटीत बसून बघणारे अण्णा

भानुदासअण्णांची आणि माझी ओळख पालीच्या तलावाकाठी झाली. साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ रिमोटवर चालणारी हातभर लांबीची बोट मांडीवर उलटी घेऊन तिचा पंखा कानशीने घासत होते. मी पाणीपुरवठा सहकारी संस्थेचा नवा सचिव होतो. या वयात हे काय, असे मनात आले. चेहऱ्यावरही आले असावे. "शर्यतीची हाय," अण्णा म्हणाले. "लई पळती. का पळती ते बघायचं तर बसा." मी बसलो.

अण्णांच्या कामात घाई नाही. मोटारीचा दांडा ते काचेवर लोळवून बघत. किंचित डुगडुगला तरी पुन्हा सरळ करत. रेडिओचे यंत्र भिजू नये म्हणून ते जत्रेतल्या फुग्यात घालून तोंड बांधत. बोट नाक उचलून उड्या मारू लागली की बॅटरी बोटभर पुढे सरकवत, आणि ती शहाण्यासारखी पळू लागे.

बोट आपल्याकडे येते तेव्हा तिची उजवी बाजू आपल्या डावीकडे असते. तिथे भलेभले चुकतात. "काठावर बसून हाकू नका, सचिवसाहेब. बोटीत बसून हाका," असे अण्णा सांगत. मला ते समजले आहे, असा माझा समज होता.

दुष्काळात तलाव आटला. मधे एक रुंद डबके उरले. दोन टोकांना खडक, बाकी कमरेएवढा गाळ. संस्थेचा पाइप उघडा पडला आणि गावाच्या पिण्याच्या पाण्याला दुसरा आधार नव्हता. खोल पाणी कुठे आहे हे कळल्याशिवाय पाइप टाकणार कुठे? सभासद भांडत बसले. अण्णा घरी जाऊन बोट घेऊन आले. आठ दिवसांवर पुण्याची शर्यत होती आणि तिच्यासाठी ते वर्षभर खपले होते. "इतकी वर्सं पळायला शिकवली, आज चालायला शिकवतो," म्हणत त्यांनी लहान पंखा बसवला, मागे दोरी बांधली, रिमोट माझ्या हाती दिला आणि वळसा घालून पलीकडच्या खडकावर गेले.

दोरी पोचली. तिच्यावरून तरंगता डबा सरकवत, काठावरून सुतळी ढिली करून त्यातून ओळंबा सोडत खोली मोजली, जागा सापडली. संध्याकाळी गावात पाणी आले. मोकळी बोट परत आणताना मी मात्र मनाने काठावरच बसून राहिलो. खडकापासून वाचवायला म्हणून वळवली ती उलट्या बाजूला, नेमकी खडकावरच गेली आणि मधोमध फुटली.

सभेत कोणीतरी विचारले, बोट कशी फुटली? "जुनी झालती. दोरीचा ताण सोसला न्हाई," अण्णा म्हणाले. इतिवृत्तात मी तेच लिहिले. अण्णा शर्यतीला गेले नाहीत आणि मी गप्प राहिलो, याची मला आजही लाज वाटते. म्हणून या गौरवग्रंथात दुरुस्ती नोंदवतो: बोट मी फोडली.

ती त्यांनी सांधली. पंचाहत्तरीच्या सकाळी, भरल्या तलावावर, त्यांनी रिमोट पुन्हा माझ्याच हाती दिला. तेव्हा मी हे त्यांना सांगितले.

"ठाऊक हाय," अण्णा बोटीवरची नजर न काढता म्हणाले. "मी पलीकडंच हुबा व्हतो की. आता येतीय बघा, बसा तिच्यात."

अण्णांना शंभरी ओलांडण्याइतके निरोगी आयुष्य लाभो. तेवढ्या वर्षांत मीही बोटीत बसायला शिकेन.