ठोक्यांची गोळी आणि माझं तोंड

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. मखमलाबादच्या बाजूला आमचा फुलांचा मळा आहे. कामाला येणाऱ्या बायका मालकाला भीत नाहीत, मला भितात. लग्नाला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत मी कोणाकोणाला काय काय बोलले त्याचा हिशोब नाही, आणि त्यातलं पुष्कळसं विसरूनही गेले. पण एका वर्षात सासूला जे बोलले ते विसरता येत नाही. लाज वाटते, आणि ती कोणापाशी बोलावी तेही कळत नाही, म्हणून लिहिते आहे.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सत्तरी ओलांडलेल्या. हार ओवण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या भावकीत कोणी नव्हतं. सुई झेंडूत कुठून शिरली आणि कुठून बाहेर आली ते समोर बसलेल्याला कळायचं नाही. मी एकोणिसाव्या वर्षी या घरात आले ती द्राक्षबागवाल्यांच्या घरातून. मला फुलांचं काही माहीत नव्हतं. पडवीत पाच बायकांच्या देखत आत्याबाई म्हणायच्या, "हिचा हार व्हईस्तोवर देव उठून जाईल." बायका हसायच्या. मी मान खाली घालून बोट टोचून घ्यायचे. ते हसणं मी जपून ठेवलं होतं. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. माझे चार दिवस कधी येतात याकडे माझा डोळा होता, उगाच खोटं कशाला बोलू.

ते आले ते दुखण्याच्या रूपानं. आषाढात एकदा दुपारी आत्याबाईंच्या छातीत धडधड सुरू झाली. दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. नाशिकला दवाखान्यात नेलं. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत होते. चार दिवस ठेवून घेतलं आणि ठोके ताळ्यावर आणायची एक गोळी सुरू केली. अमिओडेरोन असं तिचं नाव. ते नाव आमच्या तोंडात बसेना, आम्ही तिला ठोक्यांची गोळी म्हणायला लागलो.

घरी सोडताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. म्हणाल्या, "गोळी चांगली आहे, पण हिच्यात आयोडीन खूप असतं. काही जणांच्या थायरॉईडवर परिणाम होतो. कोणाची ग्रंथी मंदावते, कोणाची जास्त काम करायला लागते. म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, थायरॉईडचं आणि लिव्हरचंही. पेशंट बरा दिसला तरी." मी "हो मॅडम" म्हटलं. त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर ते लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. घरी आल्यावर मी ती फाइल कपाटावर ठेवली, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली.

सहा महिने झाले तेव्हा लग्नसराई होती. रोज दोनशे हार, वर स्टेजची फुलं. म्हटलं, बाई तर ठणठणीत आहे, धडधड नाही की काही नाही, उगाच सुया कशाला टोचायच्या. आणि आमच्याकडची रीत तुम्हाला सांगते. एकदा गोळी लागू पडली की आमच्यासाठी दवाखाना संपतो. रिकामं पाकीट घेऊन मेडिकलवर जायचं, काउंटरवर ठेवायचं, तो तसलंच भरलेलं काढून देतो. तो विचारत नाही, आपण सांगत नाही. बीपीच्या, साखरेच्या, सगळ्या गोळ्या गावात अशाच चालतात. सव्वा वर्ष मी रिकामी पाकिटं दाखवून ठोक्यांची गोळी आणली. एक दिवस खाडा होऊ दिला नाही. शेजारणी म्हणायच्या, सून असावी तर अशी. मलाही ते पटायचं.

चैत्र संपता संपता आत्याबाईंचा हात मंदावला. आधी मला वाटलं वय झालं. मग वैशाखात, सगळे पदरानं वारा घेत असताना, त्या स्वेटर घालून पडवीत यायला लागल्या. डोक्याला रुमाल. मी म्हटलं, "कोणाला दाखवायचं हाय हे सोंग?" त्या म्हणाल्या, "थंडी वाजती गं." आवाज घोगरा झाला होता, आणि तो यायचाही उशिरा. एखादी गोष्ट विचारली की त्या बघत राहायच्या, आणि मग बऱ्याच वेळानं उत्तर द्यायच्या. मला वाटायचं मुद्दाम करतात. तोंड सुजल्यासारखं दिसायला लागलं तर मी म्हटलं, बसून खाल्लं की अंगी लागणारच. अंबाडा सुपारीएवढा झाला. पोट साफ होत नाही म्हणून त्या एरंडेल मागायच्या, तर मी म्हणायचे, हाता-पायाला काम द्या म्हणजे होईल साफ.

शेवंतीचं पान पिवळं पडलं तर मी ते तोडून त्याच दिवशी औषधाच्या दुकानात नेते. दुकानदाराला उलटसुलट विचारते, कधी फवारलं होतं, किती फवारलं होतं, त्यानंच तर असं झालं नसेल ना. माझ्या डोळ्यांपुढे माणूस पिवळा पडत होता, आणि मी एकदाही विचारलं नाही की हिच्या पोटात रोज काय जातंय.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आमच्या धंद्यात तो दिवस म्हणजे वर्षाची परीक्षा. पडवीत झेंडूचा ढीग कमरेएवढा, आठ बायका तोरणं करायला बसलेल्या, टेम्पोवाला दारात हॉर्न मारतोय. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून त्यांचं एक तोरण झालं नव्हतं. बघते तर सुई फुलात तशीच, आणि बाई झोपलेली. तोंड थोडं उघडं. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आत्याबाई, तुमचा हार होईस्तोवर देव उठून जाईल."

बायका हसल्या. जुन्या दोघी जास्त हसल्या, कारण त्यांना ते वाक्य ठाऊक होतं. आत्याबाईंनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि त्या सुजलेल्या तोंडावर काहीच हाललं नाही. मी त्यांच्या हातातली सुई काढून घेतली आणि देठ खुडायला टोपली पुढे सरकवली. देठ खुडायचं काम आमच्याकडे ज्यांना हार येत नाही त्यांना देतात. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. जिवाला थंडावा मिळाला. तीस वर्षांचं उट्टं निघालं, असं मी मनात म्हटलंसुद्धा. तोच थंडावा आठवला की आता तोंड लपवावंसं वाटतं.

त्यानंतर आत्याबाई पडवीत यायच्या बंद झाल्या. आतल्या खोलीत पडून असायच्या. मी म्हटलं, रुसल्या. रुसू देत.

दिवाळी झाली, थंडी पडली. एका सकाळी मालक फूलबाजारातून परत आले आणि म्हणाले, "आई उठली नाय का अजून?" मी चहा घेऊन गेले. कपाळाला हात लावला तर माठाला हात लावावा तसं गार. हाका मारल्या. डोळे हळूहळू उघडले. "कसं वाटतंय?" विचारलं, तर उत्तर येईना. मी दोनदा, तीनदा विचारलं. मग एखाद्या म्हाताऱ्या बाप्याच्या आवाजात त्या म्हणाल्या, "झोपू दे." त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की ही नाटकं नाहीत.

आधीचा दवाखाना लांब, म्हणून जवळच्या दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तरुण होता. नाडी धरली, तोंडाकडे बघितलं, पायाच्या कातडीवर बोट दाबलं, आणि मला विचारलं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" मी पर्समधून पाकीट काढून दिलं. त्यानं ते वाचलं. "किती दिवस?" "दीड वर्ष होत आलं." "थायरॉईड शेवटचं कधी तपासलं?"

आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

चोराच्या उलट्या बोंबा. फाइल माझ्याच काखेत होती. निघताना कपाटावरून ओढून आणली होती, वर धूळ तशीच. त्यानं ती मागितली, पहिलं पान उघडलं. दोन रेघा. त्यानं ते पान वाचलं आणि फाइल माझ्याकडे फिरवून टेबलावर ठेवली. मालक माझ्या मागेच उभे होते. त्यांनीही वाचलं. दोघांपैकी एकानं जरी मला झापलं असतं, तरी मला उलट बोलायला जागा मिळाली असती.

रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉईड जवळजवळ झोपी गेली होती. ती ग्रंथी अंगाची सगळी कामं चालवते, डॉक्टर सांगत होता. ती मंदावली की माणूस मंदावतो. थंडी वाजते, झोप येते, तोंड सुजतं, आवाज बसतो, पोट धरतं, विसरायला होतं, मन खचतं. तो एकेक सांगत होता आणि मी त्या प्रत्येकाला काय काय बोलले होते ते मला आठवत होतं. "आणखी आठ-दहा दिवस काढले असते तर अवघड होतं," तो म्हणाला.

मी लगेच म्हटलं, "ती मेली गोळी आजच बंद करा." तो म्हणाला, ते तुम्ही ठरवायचं नाही. ती गोळी बंद केली तरी महिनोन्‌महिने अंगात राहते, आणि ठोके पुन्हा बिघडले तर ते वेगळंच संकट. हृदयाच्या डॉक्टरांशी तो फोनवर बोलला. त्यांनी ती गोळी कमी करून चालूच ठेवली, आणि जोडीला थायरॉईडची गोळी दिली, सकाळी उपाशीपोटी, अगदी थोड्यापासून. हृदय नाजूक, म्हणून हळूहळू वाढवायची. रक्त कधी तपासायचं ते या वेळी मालकांनी विचारून घेतलं. मला नाही विचारू दिलं.

घरी आणल्यावर भावकीतली माणसं बघायला आली. आत्याबाई उशीला टेकून, त्या घोगऱ्या आवाजात, थांबत थांबत म्हणाल्या, "सुनेनं येळेवर नेलं म्हणून वाचले." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मी चहा देत होते. मालक जमिनीकडे बघत होते. मी त्या वेळी "नाही हो, माझंच चुकलं" एवढं म्हणू शकले असते. मी "बशी घ्या" म्हणाले.

पाडव्यापर्यंत तोंडावरची सूज उतरली, आवाज खुलला, स्वेटर ट्रंकेत गेला. एका दुपारी गुढीच्या हारासाठी आत्याबाई आपण होऊन पडवीत येऊन बसल्या. हात पूर्वीसारखाच चालत होता. आम्ही दोघीच होतो. मी खाली बघून सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं, मी नेलं नाही, आणि वर तुम्हाला नको नको ते बोलले.

आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर मला तो हवाच होता. त्यांनी हाराची गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "मला कळत व्हतं अंगात कायतरी बिघडलंय. दसऱ्याच्या आधी दोनदा तुझ्यापाशी आले व्हते सांगाया. चुलीपाशी आले, अन हिरीच्या मोटरीपाशी आले. तुझं तोंड बघून माघारी गेले."

"मग ह्यांना सांगायचं."

"त्यो तुलाच सांगणार ना." दुसरा दोरा सुईत ओवत म्हणाल्या, "म्या तुला लय छळलंय, ते मला ठाव हाय. पर मी दुखणं सांगाया भ्यायले, असं आजवर कुणाला भ्यायले नव्हते. सासूला बी नाय."

त्यांनी पुढचं फूल उचललं.

त्यानंतर मी त्यांना एक शब्द टाकून बोलले नाही. रक्त ठरल्या दिवशी तपासलं जातं, तारीख कॅलेंडरवर मी स्वतः लिहिते. रिपोर्ट आता जागेवर आहे, ठोकेही. डॉक्टर म्हणतो, आजीबाई उत्तम. मला वाटायला लागलं होतं की झालं गेलं गंगेला मिळालं.

मागच्या महिन्यात कामाला येणारी एक बाई फुलं मोजून देताना सहज बोलून गेली, "आजींचा गुडघा उतरला का वो आता?" मला गुडघ्याचं काही माहीत नव्हतं. सहा दिवस त्या सुजलेला गुडघा लुगड्याखाली झाकून घरात फिरत होत्या, आणि त्या बाईकडून रुईची पानं मागवून बांधत होत्या. मी आत गेले. होईल तितक्या हळू आवाजात विचारलं, "आत्याबाई, मला का नाही सांगितलं?"

त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाल्या, "सांगणारच व्हते."