बसून खाली आलेला कास्पर

कास्पर माझ्या थोरल्या बहिणीचा, आफ्राचा, नवरा. आफ्रा गेली त्याला चौदा महिने झाले होते आणि ते चौदाही महिने मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. गाव एवढंसं, चर्चमधली आमची बाकं एकाच ओळीत, तरी जमवलं मी. राग धरण्यात माझा हात धरणारं ऑस्ट्रियातल्या आमच्या टिरोलमध्ये कोणी नसेल.

राग कशाचा ते सांगते. गाम्सकोफ डोंगराच्या माथ्यावर जायला आमच्याकडे चाळीस वर्षं एकच साधन होतं, ओढीची लिफ्ट. पायात स्की, ढुंगणाखाली लाकडी दांडी, आणि उभ्यानं वर. ती लिफ्ट कास्पर चालवायचा. उन्हाळ्यात अकरा गाई, हिवाळ्यात लिफ्ट, असा त्याचा जन्म गेला. येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे दांडी लावायची आणि वर एक टोमणा मारायचा. डॉक्टरीणबाईंना म्हणायचा, "बाई, दोरी कुरकुरतेय, डंपलिंग कमी खा." त्या हसत हसत वर जायच्या.

आफ्रा आमच्या खोऱ्यातली पहिली स्की शिकवणारी बाई. अर्धं गाव लहानपणी तिच्या दोन पायांमध्ये उभं राहून उतार उतरायला शिकलं. ती माथ्यावरून निघाली की कास्पर लिफ्टचा वेग कमी करून तिच्याकडे बघत बसायचा, असं लोक म्हणायचे. लोक कशाला, मी स्वतः त्या दांडीवर लटकत राहिलेय.

अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला कंपवात झाला. पाय ऐकेनासे झाले. उभं राहता येईना म्हणजे लिफ्ट संपली, आणि लिफ्ट संपली म्हणजे माथा संपला. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून दिवसभर डोंगराकडे बघायची.

त्याच सुमारास गावानं गोंडोला आणायचं ठरवलं. तारेला लटकून जाणारे बंद डबे, आत बाकं. पांगळा माणूसही आरामात माथ्यावर जाईल. आपापल्या कुरणांतून खांब न्यायला सगळ्या शेतकऱ्यांनी सह्या दिल्या. एकट्या कास्परनं नाही दिली. त्याच्या कुरणात तीन खांब यायचे होते आणि तो सात वर्षं हटून बसला. खाणावळीत लोकांनी त्याच्या टेबलावर बसणं सोडलं. हॉटेलवाला लोरेन्झ तोंडावर म्हणाला, "तुझ्या गाईंना खांबांची सावली बाधते का रे?" कास्परनं आणखी एक बिअर मागवली.

मी त्यांच्या घरी जाऊन भांडले. "बायको खिडकीत बसून झुरतेय आणि तू गवत कवटाळून बसलायस? जनाची नाही, मनाची तरी ठेव!" आफ्रा तिथेच होती. तिनं सगळं ऐकलं आणि चकार शब्द काढला नाही.

आठव्या वर्षी त्यानं सही केली. खांबांचे पाये खणले जात होते तेव्हा, ऑक्टोबरात, आफ्रा गेली.

पुढच्या वर्षी डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी गोंडोला सुरू झाला. पाद्रीबाबांनी डब्यांवर पवित्र पाणी शिंपडलं, ते शिंपडताच गोठलं. बँडवाले वाद्यांच्या कळा गोठू नयेत म्हणून त्यांत श्नाप्सची कडक दारू ओतत होते, त्यातली निम्मी घशात. पहिले डबे जमीनवाल्यांच्या घरच्या माणसांसाठी होते. कास्परनं निरोप पाठवला, "बुर्गीला म्हणावं, माझ्या डब्यात ये." घरचं असं त्याला दुसरं उरलं होतं कोण? मी गेले ते त्याला तोंडावर सुनावायलाच.

आमच्या स्की बाहेरच्या खोबणीत उभ्या केल्या. दार बंद झालं. आठ जणांच्या डब्यात आम्ही दोघं.

"बोल," तो म्हणाला. "नऊ मिनिटं आहेत. तुझं बरंच साठलंय."

मी काही बाकी ठेवलं नाही. दोन वर्षं आधी सही केली असतीस तर ती आज इथे बसली असती, हेही बोलले.

"झालं?"

"नाही. दम लागलाय."

तो काचेतून खाली बघत होता. "पहिल्याच वर्षी सही करायला निघालो होतो, बुर्गी. कोट घातला होता. तिनं विचारलं, वर नेशील मला? म्हटलं, नेईन की. म्हणाली, आणि खाली? म्हटलं, तू डब्यातून ये, मी स्कीवरून येतो, खाली भेटू."

"मग?"

"मग कोट काढ म्हणाली."

मला समजायला वेळ लागला नाही. आमच्याकडे वर गेलेला माणूस आपल्या पायांवर खाली येतो. लिफ्टमध्ये बसून येतो तो पाहुणा, नाहीतर हाड मोडलेला. शेजारच्या खोऱ्यातल्या खुर्चीच्या लिफ्टमधून आमचा पाववाला एकदा ताप भरला म्हणून बसून उतरला. गेली पंधरा वर्षं त्याला सगळे 'पोतं' म्हणतात. ते नाव आफ्रानंच ठेवलेलं.

"सही करू नकोस म्हणाली," कास्पर म्हणाला, "आणि कुणाला सांगूही नकोस. गाव तुला शिव्या देईल तर देऊ दे. पण आफ्रा डब्यात बसायला लाजली, असं कोणी म्हणता कामा नये. मला वाटलं, बाईचा हट्ट. सात वर्षं तेच वाटत होतं. मग तिचं बोलणंही नीट कळेना तेव्हा एकदा म्हणाली, तू शेजारी बसणार असतास तर आले असते रे. त्याच दुपारी जाऊन सही केली. उपयोग काय? माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खाली येताना बायकोशेजारी बसायचं, एवढंच होतं. नाही आलं डोक्यात."

माझा इतक्या महिन्यांचा राग कुठे ठेवू ते मला कळेना. तिच्यासमोर मी याला काय काय बोलले होते. ती गप्प राहिली होती ती याला वाचवायला नव्हे, स्वतःला झाकायला; आणि यानं झाकू दिलं होतं.

माथ्यावर लख्ख ऊन होतं, बर्फ करकरत होता. कास्परनं आपल्या स्की काढून बर्फात रोवल्या आणि खाली जाणाऱ्या डब्यांकडे वळला. वरचा गस्तवाला धावत आला.

"काय मोडलं? खाली स्ट्रेचर सांगू?"

"काही मोडलेलं नाही. बसून जायचंय."

"अरे, खाली अख्खं गाव उभं आहे, बँडसकट!"

"म्हणूनच."

तो आत बसला. माझ्याकडे बघितलं. ये म्हणाला नाही, पण सरकून जागा केली. आणि मी? माझे बूट स्कीत अडकलेले होते. कधी अडकवले, देवाशपथ आठवत नाही. साठ वर्षांची सवय. मी म्हटलं, "हो पुढे. खाली भेटू."

आणि निघालेही.

तिसऱ्या वळणावर डब्याची सावली माझ्या अंगावरून गेली. वर बघितलं. तो एका कडेला बसला होता, शेजारची जागा तशीच मोकळी. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसले. "कास्पर!" म्हणून ओरडले. काच बंद होती. डबा पुढे गेला.

मी तिथेच थांबले. दोन्ही काठ्यांवर हनुवटी टेकून लहान पोरीसारखी रडले. आफ्रासाठी रडले, त्याच्यासाठी रडले, आणि सगळ्यात जास्त स्वतःची चीड आली म्हणून रडले. खालून बँड ऐकू येत होता. तो मध्येच थांबला. मग हसण्याचा आवाज आला, पुष्कळ माणसांचा. मला खाली त्या डब्याच्या दारात त्याच्या बाजूला उभं राहायला हवं होतं. पाय हलेनात.

खाली पोचले तोवर लोक सूप प्यायला पांगले होते. लोरेन्झ म्हणाला, कास्पर कोणाशी न बोलता चालत घरी गेला.

"एकटाच उतरला गं," तो म्हणाला. "तू होतीस ना त्याच्याबरोबर?"

मी म्हटलं, "नाही."