वरचा दिवा

त्या दिवशी दारव्हा तालुक्यातल्या एका घरात दुखवट्यासाठी जमलेली माणसं सकाळी उठली आणि त्यांना डोळे उघडता येईनात. दुपारपर्यंत त्या घरातल्या सुनेवर विषप्रयोगाचा आरोप झाला होता.

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. हे झालेलं नाही. या वर्षी माझी पत्नी गेली. तिच्या आजारपणात या प्रकरणाचा मला रोज उपयोग झाला, म्हणून ते लिहून ठेवतो आहे. नावं कोणाचीच घेत नाही. ती माणसं अजून त्याच गावात राहतात.

मी तेव्हा ठाणेदार होतो. ग्रामीण रुग्णालयातून मेडिकल मेमो आला. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेऊन मला वाचून दाखवला. एकाच घरातली माणसं, डोळे लाल, पाणी थांबत नाही, चेहरे भाजल्यासारखे. दिवस कपाशीवरच्या फवारणीचे होते. आमच्या जिल्ह्यात अशा दिवसांत डोळ्यांची तक्रार आली की पहिली शंका फवारणीच्या औषधाचीच येते. आमच्या जमादारांना मात्र ती पटली नाही.

"फवारणीवाला माणूस एकटा येते साहेब," ते म्हणाले. "हे तर वरातीवानी आले."

रुग्णालयाच्या बाकावर माणसं ओळीने बसली होती, डोळ्यांवर ओले पंचे धरून. मयताचा थोरला भाऊ माझा आवाज ओळखून उठला आणि भिंतीला हात लावत पुढे आला. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं. धाकटा भाऊ मोटरसायकलच्या अपघातात गेला. आदल्या दुपारी दुखवट्याला पाहुणे आले, बैठकीत बसले, भावाच्या बायकोने केलेला चहा प्यायले. संध्याकाळनंतर एकेकाच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊ लागलं.

"तिनंच टाकलं काही तरी चहात," तो म्हणाला. "आमी सारे आंधये होऊन बसलो, अन् थे टकटक पाह्यते. तिले काही नाही झालं. काहून नाही झालं?"

"ती असं कशासाठी करेल?"

"पोट्टी घेऊन माहेरी जातो म्हणते तेरवी झाली की. म्या नाही म्हटलं. माह्या भावाची निशाणी हाय थे. थे कुठंच जात नाही."

चार वर्षांची मुलगी होती. विष दिल्याचा, म्हणजे कलम ३२८ चा गुन्हा दाखल झाला असता तर त्या बाईला अटक करावी लागली असती आणि मुलगी त्या घरातच राहिली असती. आई परत येईपर्यंत, किंवा कायमची. तो संतापलेला माणूस हे जाणून बोलत होता असं मला वाटत नाही. घरात तरुण मृत्यू झाला की त्या दिवसांत राग दुःखाच्या आधी वाट काढतो. आणि रागाला समोर कोणी तरी लागतं. बाहेरून आलेली सून बहुतेक घरांत जवळच असते.

तक्रार घेण्याआधी चौकशी करायची असं ठरवलं. पंचांसमक्ष चहाची पत्ती, साखर आणि न धुतलेले कप ताब्यात घेतले. बाईला ठाण्यात बोलावता येत नव्हतं, म्हणून महिला शिपाई सोबत घेऊन त्यांच्या घरीच जबाब घेतला. रिवाजाप्रमाणे ती आतल्या खोलीत कोपऱ्यात बसलेली होती. मयत झाल्यापासून ती स्वयंपाकघर आणि ती खोली सोडून बैठकीत आलेलीच नव्हती.

"चहा कोणी केला?"

"म्या."

"तुम्ही प्यायलात?"

"हो. सासूबाईनं बळंच पाजला."

"मग बैठकीतल्या सगळ्यांना त्रास आणि तुम्हाला नाही, असं कसं?"

"मले माहीत असतं तं सांगतलं नसतं का साहेब?" तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "एक इचारू? मले न्यायचं असन तं न्या. पण पोरीले माह्या मायकडे पोचवून द्यान का? इथं नोका ठेवू."

मी जबाबाचे कागद गोळा केले. पोलिसाने आश्वासन देऊ नये असं मला शिकवलं होतं. पण ठाण्यात परतलो तरी तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

चहाचा संशय दुसऱ्या दिवशी एका मामांनी मोडून काढला. मयताचे मामा, पांढरकवड्याकडचे, जुन्या वळणाचे. सगळ्यांत जास्त हाल त्यांचे झाले होते. पापण्या सुजून मिटलेल्या, नाकाची साल निघालेली. मी त्यांना चहा किती वाजता प्यायलात असं विचारलं, तर ते दुखावले.

"सुतकाच्या घरी म्या पाणी बी घेत नाही. चहा कुठचा?"

"एक घोटही नाही?"

"साहेब, डोये गेले माहे, धरम नाही गेला."

बाकावरचे दोघेतिघे त्या हालातही हसले. ज्याने चहाला हात लावला नाही त्यालाच सर्वांत जास्त झालं होतं. मग मी चेहरे नीट पाहू लागलो. थोरल्या भावाच्या डोक्याला दुपट्टा बांधलेला असायचा. त्या दुपट्ट्याखालचं कपाळ जसंच्या तसं होतं आणि त्याच्या खाली, आखल्यासारख्या रेषेपासून, कातडी लाल. एका पाहुण्याला चष्मा होता. त्याचे डोळे इतरांपेक्षा बरे होते, पण नाक आणि गाल भाजलेले. एकाची फक्त मान आणि एक कान लाल होता. पोटात गेलेलं विष दुपट्टा पाहून थांबत नाही. हे बाहेरून लागलेलं होतं आणि एका दिशेने लागलेलं होतं.

रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी दिशा पक्की केली. त्या म्हणाल्या, वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी पाहणारे लोक अशाच डोळ्यांनी येतात. दोन-तीन दिवसांत बरे होतील, फक्त चोळू नका. मी आजूबाजूला चौकशी केली. त्या गल्लीत वेल्डिंगचं दुकान नव्हतं आणि त्या दुपारी कोणी ग्रीलचं कामही केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांना त्यांच्या बैठकीत बोलावलं आणि त्या दुपारी बसले होते तसंच बसायला सांगितलं. जमादारांनी एकेकाला हाताला धरून जागेवर नेलं. समोरच्या भिंतीशी टेबलावर मयताचा फोटो, पुढे समई. फोटोच्या बाजूला भिंतीला पाठ टेकून म्हातारी सासू. माणसं बसली आणि माझ्या लक्षात आलं, ज्याचा जो भाग भाजला होता तो फोटोकडे होता. मान भाजलेला माणूस दाराकडे तोंड करून बसला होता.

"इथे समोर काय होतं?" मी विचारलं.

"फोटो अन् दिवा," थोरला म्हणाला.

दिवा हा शब्द मी त्या दोन दिवसांत प्रत्येकाच्या तोंडून ऐकला होता. बैठकीत दिवा लावलेला होता. दुखवट्याच्या घरात तो असतोच.

"कोणता दिवा?"

"दिवा म्हणजे दिवा, साहेब. मेलेल्या माणसापाशी काय फोकस लावतेत?"

मामांनी पंचा डोळ्यांवरून न काढता सांगितलं, "दोन होते ना. खाली समई, अन् वरतं निया उजेडाचा. थंडगार वाटे पाहाले."

मी वर पाहिलं. फोटोच्या वर, हाताला येणार नाही अशा उंचीवर एक ट्यूब होती. साध्या ट्यूबपेक्षा बारीक, आणि काच दुधी नव्हे, पारदर्शक. आतल्या खोलीच्या पडद्याआडून सुनेचा आवाज आला.

"वरचा दिवा लागला होता?"

ती पडदा सारून बैठकीत आली. रिवाज, दीर, मामेसासरे, पोलीस, कोणाकडेच तिने पाहिलं नाही.

"माणसं बसली असतानी वरचा दिवा लागला होता? माही पोरगी कुठं होती तवा?"

पोरगी आजीजवळ होती. आजीच्या मांडीत झोपली होती, आणि माशा बसतात म्हणून आजीने तिच्यावर लुगड्याचा पदर पांघरला होता. पोरीला थोपटत राहिलेला तो हात मी पाहिला. मागच्या बाजूने मनगटापर्यंत लाल झालेला होता. पोरीला काहीही झालेलं नव्हतं.

नवरा यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात प्रयोगशाळेत काम करायचा. साथीच्या काळात त्याने तो जंतुनाशक दिवा आणून बसवला होता. अतिनील किरणांचा. दवाखान्यातून आला की पिशवी, मोबाइल, किल्ल्या बैठकीत ठेवायचा, सगळ्यांना बाहेर काढायचा, दार लावायचा आणि मगच दिवा सुरू करायचा. साथ ओसरली तसा तो दिवा बंदच राहिला.

"मग त्या दुपारी तो कोणी लावला?" मी विचारलं.

थोरला भाऊ लगेच म्हणाला, "हिलेच माहीत होता तो दिवा. हिनंच लावला असन."

"म्या लावला," सासू म्हणाली.

"माय, तू गप बस."

"कायले गप बसू? म्या लावला. पंख्यानं समई घडीघडी इझे. माह्या पोराचा दिवा इझू द्यायचा नव्हता मले. अन् थो म्हणे ना, ह्या दिव्यानं घर शुद्ध होते माय. सुतकाचं घर, म्हटलं लावाव. अन् कोणी बंद केला तं म्या ओरडलो."

"पण आई, तो लावला का हे सगळ्याईले बाहेर काढत ना?" सून म्हणाली.

"तवा साथ होती बाई. तवा कोणीच कोणापाशी बसत नव्हतं. मले वाटलं थे साथीचं होतं. साथ तं गेली."

सुनेखेरीज घरातल्या कोणीच हे वेगळं समजून घेतलं नव्हतं. खोलीबाहेर जायचा नियम माणसाच्या श्वासासाठी नव्हता, दिव्यासाठी होता, हे सांगणारा माणूस फोटोत होता.

म्हातारीने मला विचारलं, "म्हणजे मीच केलं व्हय, साहेब?"

"तुम्ही दिवा लावला, माय," मी म्हणालो. "तो गुन्हा नाही."

तिने थोरल्याकडे तोंड फिरवलं. त्याला ती अजून धूसरच दिसत असावी. "आयकलं? आता हिच्यावर कोणी बोट उचलाचं नाही. पोरगी तिच्या मायजवळच राहीन. थे माहेरी जावो का इथं राहो, तिची मर्जी."

गुन्हा दाखल झाला नाही. मी चौकशीचा अहवाल लिहिला, थोरल्या भावाने तक्रार नसल्याचा जबाब दिला. जमादारांनी ट्यूबची जोडणी काढली तेव्हा मामांनी त्यांना हटकलं, "आधी बटन बंद हाय का पाहा बाप्पा, नाही तं पुढची तेरवी तुमची." डोळे डॉक्टरबाई म्हणाल्या तसे बरे झाले.

मी त्या म्हातारीचा ऋणी आहे. नोकरीत मी खूप जबाब घेतले. संशय दुसऱ्यावर पक्का बसलेला असताना, कोणी आपल्याकडे पाहायच्या आत, चार माणसांसमोर "मी केलं" म्हणणारी माणसं फार थोडी भेटली. तपास आम्ही केला हे खरं, पण ती बोलली नसती तर थोरल्याने सुनेवरचा संशय सोडला नसता आणि आम्हीही बराच काळ चाचपडलो असतो.

निवृत्तीनंतर माझ्या पत्नीला रक्ताचा आजार झाला. उपचारांनी तिची प्रतिकारशक्ती अगदी कमी झाली होती. मुलाने तसाच दिवा पाठवला. खोकं उघडल्यावर मी प्रथम त्या घरी फोन केला. सासूने उचलला आणि "सूनबाईलेच इचारा, तिले पाठ हाय" म्हणून सुनेकडे दिला. नवऱ्याने सांगितलेलं तिने सगळं सांगितलं. बटण खोलीच्या आत नको, बाहेर घ्या. दिवा चालू असताना खोलीत माणूस नको, मांजर नको, कुंडी नको. निळा उजेड मंद दिसतो म्हणून फसू नका, भाजतं ते न दिसणारं असतं. दाराची फट कापडाने बुजवा. जिथे उजेड थेट पडतो तेवढंच साफ होतं, सावलीतलं नाही, म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. हात, तोंड, अंग कधीही त्याच्याखाली धरू नका. वेळ झाली की बंद करा, खिडक्या उघडा, वास जाऊ द्या, मगच आत. ट्यूब फुटली तर आत पारा असतो, झाडूने लोटू नका. हे मी डॉक्टरांनाही विचारून घेतलं. ते म्हणाले, बरोबर आहे, आणि हात धुणं याच्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

मी इलेक्ट्रिशियनकडून बटण बाहेरच्या भिंतीवर घेतलं. रोज सकाळी पत्नीला खोलीतून दारासमोरच्या ओट्यावर आणायचो, दार लावायचो, दोनदा ढकलून पाहायचो, मग बटण दाबायचो. ती हे सगळं शांतपणे पाहायची.

"चला," ती म्हणायची, "आजही जामिनावर सुटलो."

"अटी पाळायच्या," मी म्हणायचो.

"रोज ओट्यावर हजेरी. दुसरं काय?"

दिवा बंद होऊन खोलीतली हवा बदलेपर्यंत आम्ही तिथे बसायचो. मी तिला वाचून दाखवायचो. नोकरीत असताना आम्ही कधी सकाळी असे शेजारी बसलो नव्हतो. खोली सोडून बाहेर यायचा नियम नसता तर ती अंथरुणावरून उठली नसती आणि मीही तिला उठवलं नसतं. त्या सकाळी मला त्या घराने दिल्या, असं मी मानतो.

लोकांबद्दल मी या प्रकरणातून एवढंच शिकलो. माणसं नियम लक्षात ठेवतात, नियमाचं कारण लक्षात ठेवत नाहीत. म्हणून घरात काही नवीन आणलं की कारण सगळ्यांना सांगावं, म्हाताऱ्यांना आधी.

आमचा दिवा मी एका आजारी माणसाच्या घरी दिला आणि त्यांना सगळं समजावून आलो. त्या गावात सून माहेरी गेली नाही. ती, तिची सासू आणि आता शाळेत जाणारी मुलगी एकाच घरात राहतात. माझ्या घरी मी आहे आणि पुस्तकं आहेत.