प्लीहा नसलेल्या बाईचा डोळा

ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोबाहेर आमच्या स्कूटरला टेम्पोने उडवलं तेव्हा मी तिशीत होते. नवऱ्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. माझी प्लीहा फाटली आणि पोटात रक्त साठू लागलं. ती काढून टाकावी लागली. "तिच्यावाचूनही माणूस जगतो," असं सर्जन म्हणाले. तापाला जपायचं, लसी घ्यायच्या, एवढंच. तशी मी जगले. पुढे नवरा गेला, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली. ठाकुर्लीच्या घरात मी एकटी उरले.

मग डाव्या डोळ्यात जंतुसंसर्ग झाला आणि बुबुळावर पांढरा डाग राहिला. ठाण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कॉर्निया बदलला. कोणा गेलेल्या माणसाचा तो. मुलगी आठवडाभर राहून परतली. थेंब घालायला शेजारच्या मालवणी काकू येत. हनुवटी वर धरून म्हणत, "हलू नको गो." दिवसभरात माझ्या अंगाला लागणारा तो एकच हात. उन्हाळ्यात त्या मुलाकडे दिवा स्टेशनजवळ राहायला गेल्या. मी आरशासमोर बसून थेंब घालू लागले. निम्मे गालावर ओघळत.

दिवाळीच्या आधी एका सकाळी डोळा लाल झाला, उजेड बघवेना. मी तशीच ठाण्याला गेले.

"शरीराने कॉर्निया नाकारायला सुरुवात केलीय," डॉक्टर म्हणाल्या. "एरवी डोळ्यात हे कमी होतं. आत सूज आली तर नजरच जाईल, म्हणून शरीर डोळ्याला सांभाळून घेतं. परकं काही दिसलं की काही पेशी त्याची खबर प्लीहेपर्यंत नेतात. तिथे ज्या पेशी तयार होतात, त्या बाकीच्यांना हल्ला करू देत नाहीत."

"माझी प्लीहा नाही."

"माहितेय. प्राण्यांवरच्या प्रयोगांत प्लीहा काढली की हा आवर बसत नाही. माणसात किती फरक पडतो, ते छातीठोकपणे सांगता येत नाही. प्लीहा असलेल्यांनाही असं होतं. कारण शोधत बसू नका. दर तासाला थेंब घाला. सोबत कोणी आहे ना?"

"आहे," मी खोटंच सांगितलं.

घरी आल्यावर काकूंना फोन केला. गुडघ्यांमुळे त्यांना जिने उतरवत नव्हते, यायची सोय नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून दर तासाला त्यांचा फोन येऊ लागला. "घातलंस काय गो?" मी थेंब घालेपर्यंत त्या फोन धरून ठेवत. पलीकडे नळाखाली बादली भरल्याचा आवाज येई.

हळूहळू लाली उतरली. मोठी अक्षरं पुन्हा दिसू लागली, कडेला थोडं धुकं राहिलं ते राहिलंच. थेंब कमी झाले तसे फोनही कमी झाले. आता सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब, जन्मभर. तेवढ्यासाठी कोण फोन करणार? थेंब घातला की मी डोळे मिटून बसते. थोड्या वेळाने औषध घशात कडू उतरतं. मग उठून कुकर लावते.